घोळक्यातला आपला

दुकानदार : नाही काका, गोल्डफिश मी तुम्हाला देणार नाही. रागवा हवं तर, पण देणार नाही.

सासरे : का? चांगला ठसठशीत आहे. चष्मा न लावता दिसेल.

दुकानदार : दिसेल ना! सहा महिन्यांत टाकीत दुसरं काही दिसणारच नाही. हा खादाड, आणि त्याहून घाणेरडा. तुमची टाकी दोन फुटांची, त्यात झाडं लावलेली. झाडं म्हणजे याचं जेवण. एकेक मुळासकट उपटून ठेवील.

सून : बाबा, पुढचं ते बारीक गवत आहे ना, ते तर दोन दिवसांत संपेल. किती वेळ बसून लावलं होतं ते, चिमट्याने.

सासरे : माझा चिमटा होता. घड्याळाचा. न विचारता नेला आणि आठवडाभर मला सापडू दिला नाही. बरं, झाडांना धक्का नको. मग तो? तो काळा-पांढरा, चपटा?

दुकानदार : एंजल. आत्ता अंगठ्याएवढा आहे म्हणून साळसूद वाटतोय. मोठा झाला की लहान माशांकडे जेवणाचं ताट असल्यासारखा बघतो.

सासरे : आणि हा एकटाच बाटलीत ठेवलेला? काय शेपूट आहे!

दुकानदार : फायटर. त्याला एकटं का ठेवलंय ते त्याच्या नावातच आलं. काका, असं नको. घरात आधी कोण राहतंय ते सांगा. मग नवा भाडेकरू कोणता चालेल ते मी सांगतो.

सून : एकच आहे आता. निऑन. वर निळी पट्टी, खाली लाल.

दुकानदार : एकच? निऑन कोणी एकटा ठेवतं का ताई?

सून : आठ होते.

सासरे : माझ्या मुलाने आणले होते. तुमच्याच दुकानातून.

दुकानदार : थांबा हं. दोन फुटांची टाकी, पुढे गवत, आठ निऑन... उंच, किडकिडीत, प्रत्येक मासा वाकून वाकून बघणारे? ते तुमचे चिरंजीव? अहो, मग त्यांना का नाही आणलंत? माझा राग आहे त्यांच्यावर. मला एक लाकूड सांगून ठेवलं, टाकीत ठेवायला, वेड्यावाकड्या मुळांचं. दहा जणांच्या मागे लागून मी ते मिळवलं, आणि स्वारी फिरकलीच नाही. फोनसुद्धा लागत नाही. ते बघा, वरच्या फळीवर. वर्ष झालं, धूळ खातंय. सांगा त्यांना.

सून : तो गेला.

दुकानदार : कुठे?

सासरे : वारला हो. गेल्या वर्षी. छातीत कसंतरी होतंय म्हणाला, पाणी द्या म्हणाला. मी पाणी घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दुकानदार : अरे देवा. काका... आणि मी आपला केव्हाचा बडबडतोय...

सासरे : तुम्हाला काय माहीत! त्या स्टुलावर बसू का जरा?

दुकानदार : बसा, बसा. थांबा, त्यावर जाळी पडलीय, उचलतो. ताई, तुम्ही इथे या, पंख्याखाली. खरं सांगू? माझ्या डोक्यात भलतंच होतं. मला वाटलं, नाद सुटला. असं होतं ना लोकांचं. चार महिने मासे, मग कुत्रा, मग सायकल.

सून : त्याचा नव्हता सुटला.

दुकानदार : नाही, त्यांचा कसा सुटेल. बरं... पाणी आणलंय का टाकीतलं? पाणी बघितल्याशिवाय मी मासा हातात देत नाही. सगळ्यांनाच सांगतो तसं.

सून : आणलंय. तो नेहमी निघताना बाटली भरून घ्यायचा, ते लक्षात होतं. ही घ्या.

दुकानदार : शाबास. आता हे बघा, या नळीत थोडं पाणी, त्यात हे थेंब. पिवळं राहिलं तर आनंद आहे. हिरवं झालं की समजायचं, पाण्यात विष साचलंय.

सासरे : विष कुठून येईल? रोज बघतो मी टाकी. काच पुसतो.

दुकानदार : काच पुसून काय होतंय! हं... बघा. हिरवं. चांगलंच हिरवं आहे हे. म्हणजे खाणं जास्त पडतंय. जेवढं उरतं तेवढं तळाशी जाऊन कुजतं, आणि मासे त्यातच श्वास घेतात. बाकीचे सात त्यानेच गेले. खायला कोण घालतं?

सासरे : मी.

सून : मी.

दुकानदार : म्हणजे? आळीपाळीने?

सासरे : तू कधी घालतेस?

सून : सकाळी. तुम्ही आंघोळीला गेलात की. तुम्ही कधी घालता?

सासरे : तू शाळेत गेलीस की. दार लागल्याचा आवाज आला की उठतो.

सून : पण तुम्ही तर तिकडे बघतही नव्हता. खुर्चीसुद्धा वळवून ठेवली होती तुम्ही. मला वाटलं, तुम्हाला सहन होत नाही. म्हणून मी गुपचूप...

सासरे : मलाही तेच वाटलं. तुला टाकीजवळून जाताना बघायचो, मान खाली घालून जायचीस. म्हटलं, पोरीला त्रास होतोय, तिच्यासमोर नको. तू घालतेस हे मला काय ठाऊक!

दुकानदार : आणि किती घालत होतात?

सासरे : चिमूटभर. तो घालायचा तेवढंच. बरं, मासे वर यायचे, तोंडं उघडायचे. भुकेले वाटायचे. मग अजून चिमूटभर.

सून : माझ्या वेळीही वर यायचे.

दुकानदार : ते कायम वरच येतात हो. त्यांना पोट भरलं हे कळतच नाही. मी... मी ही नळी धुऊन आणतो. आतला नळ जरा हळू चालतो, वेळ लागेल. तुम्ही बसा.

(दुकानदार आत जातो. दुकानभर पंपांचे बुडबुडे ऐकू येत राहतात.)

सून : बाबा, सात मासे आपण दोघांनी मारले.

सासरे : उपाशी तर नाही ना मेले!

सून : बाबा!

सासरे : मग काय बोलू? रडू इथे? एकेक मरत होता तेव्हा मी तुला दिसायच्या आत जाळीने काढून टाकायचो. कुंडीत पुरायचो, जिन्यातल्या. तू मोजणार नाहीस असं वाटायचं.

सून : मी रोज मोजायचे. मला वाटायचं, झाडांत लपले असतील.

सासरे : एका घरात राहतो आपण. एका टेबलावर जेवतो. मीठ दे, पाणी दे, वीजवाला येऊन गेला का. वर्षभर एवढंच बोललो. तुझी सासू असती तर दोघांचे कान धरले असते तिने.

सून : आई असत्या तर त्यांनीही तिसऱ्यांदा खायला घातलं असतं.

सासरे : हो, आणि दोन चिमटी जास्त. बरं, डोळे पूस. तो येईल आतून.

सून : येऊ दे.

सासरे : तू मला इथे का घेऊन आलीस ते मला कळत नाही असं समजू नकोस. जायच्या आधी माझी सोय लावतेयस. म्हातारा भिंतीकडे बघत बसेल, त्यापेक्षा माशांकडे बघेल.

सून : मी कुठे जाणार आहे? मी शाळेतल्या सरांना अजून काहीच सांगितलेलं नाही.

सासरे : महिना झाला त्यांनी लग्नाचं विचारून.

सून : मी तुम्हाला विचारलं त्यालाही महिनाच झाला. तुम्ही म्हणालात, बघू. तेव्हापासून बघताय.

सासरे : चांगला माणूस आहे. शांत आहे. शास्त्र शिकवतो म्हणजे डोकंही असेल.

सून : मग?

सासरे : मग काय? चांगला माणूस असला म्हणजे मला आवडलाच पाहिजे का?

सून : ते घरी आले होते, टाकीसमोर उभे राहिले, आणि तुम्ही टाकीचा लाइट बंद केलात. ते बघत असताना! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. खाली गेल्यावर ते मला म्हणाले, त्यांचं बरोबर आहे, मी न विचारता उभा राहिलो.

सासरे : असं म्हणाले?

सून : असं म्हणाले.

सासरे : ते वाकून बघत होते ना, तेव्हा पाठीमागून... अगदी तसेच. एक हात गुडघ्यावर. मला वाटलं, हात उचलावा आणि पाठीवर ठेवावा. म्हणून बटण दाबलं. दुसरं काही सुचलं नाही मला.

सून : तुम्ही नको म्हणालात तर मी नाही जाणार. खरंच सांगते. मनावर दगड ठेवून वगैरे नाही. पण तुम्ही काहीतरी म्हणा, बाबा. हे 'बघू' मला नाही झेपत आता.

सासरे : आधी मासे बघू.

सून : बाबा...

सासरे : आधी मासे. तो आला.

दुकानदार : झालं धुऊन. काका, ऐका. आज मी तुम्हाला काहीच देणार नाही. आज मासे नेलेत तर तेही जातील. एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी काढायचं आणि तेवढंच नवीन घालायचं. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवा. आणि खायला एकानेच घालायचं, तेही दिवसाआड. पाणी पिवळं आलं की या. पण निवड आज करून ठेवू. मी बाजूला काढून ठेवतो.

सासरे : ते पिवळेधमक आहेत, ते चालतील? त्या कोपऱ्यातले. स्वभावाने कसे आहेत?

दुकानदार : स्वभावाने गरीब आहेत. खाणार नाहीत, भांडणार नाहीत, झाडांना हात लावणार नाहीत. पण काका, तुमच्या त्या एकट्याला त्यांचा काही उपयोग नाही.

सासरे : का? सोबत होईल की.

दुकानदार : ती सोबत नव्हे, नुसती गर्दी. निऑनला निऑनच लागतात. सहा, सात, आठ. आपली माणसं दिसली नाहीत तर तो मागे फिल्टरच्या सावलीत जाऊन बसतो. खात नाही, रंग उडतो. आत्ता तो कुठे असतो?

सून : फिल्टरच्या मागे.

दुकानदार : रंग?

सून : पुसट झालाय. लाल तर जवळजवळ नाहीच.

दुकानदार : मग सांगा. ही बघा माझी टाकी, यात चाळीसेक असतील. बोट फिरवतो, बघा. सगळे एकदम वळले की नाही? सात यातले द्या त्याला सोबतीला. दोन दिवसांत बाहेर येईल.

सून : सातच द्या.

सासरे : नको.

सून : बाबा, त्याच्याच जातीचे आहेत.

सासरे : म्हणूनच नको. आठ एकसारखे फिरायला लागले, तर आपला कोणता ते कसं कळणार? एकच उरलाय त्याने आणलेल्यांतला. त्याने स्वतः पिशवीतून सोडलेला. तो त्या सातांत हरवून टाकू? पिवळे आणू. पिवळ्यांत निळा उठून दिसेल. रोज दिसेल मला.

सून : फिल्टरमागे बसलेला दिसेल.

सासरे : दिसेल तरी!

दुकानदार : काका, तुमचं मला कळतं, पण...

सासरे : नाही, थांबा. थांबा जरा. त्याच्या शेपटीला चीर आहे! अगं, आठवतं? फिल्टरमध्ये अडकला होता एकदा, आणि पोराने बाही न सरकवताच हात घातला पाण्यात. सदरा खांद्यापर्यंत भिजला. हळूच सोडवला होता. ती चीर अजून आहे, मी रोज बघतो. चाळीस वर्षं घड्याळं उघडलीत मी. केसाएवढ्या स्क्रूवर काम केलंय. आठात काय, ऐंशीत ओळखीन त्याला. द्या तुमचे सात. चालतील.

दुकानदार : देतो. पण काका, एक विचारू का?

सासरे : काय झालं? विचारा की. मघापासून तर थांबत नव्हता.

दुकानदार : शेपटी अडकली त्याला किती दिवस झाले, काका?

सासरे : दोन वर्षं होत आली असतील.

दुकानदार : ती चीर राहत नाही इतकी. माशांची शेपटी भरून येते. महिन्याभरात पहिल्यासारखी होते.

सासरे : मग मला दिसते ती काय?

दुकानदार : ती नवी असणार. असं पाणी असलं की शेपटीच्या कडा झडतात.

सासरे : म्हणजे आपल्या खाण्याने.

सून : बाबा.

सासरे : म्हणजे तो हा नव्हेच कदाचित. तो केव्हाच मी कुंडीत पुरला असेल. आणि वर्षभर मी भलत्याच्याच शेपटीकडे बघून... रोज सकाळी मी त्याला सांगत होतो, तुला माझ्या पोराने हाताने सोडवलंय रे, तू जपून राहा.

सून : तुम्ही बोलत होतात त्याच्याशी?

सासरे : कोणाशी बोलणार? तू शाळेत. चाळीस वर्षं म्हणे नजर! एक मासा ओळखता आला नाही मला.

सून : तो असेलही, बाबा. आठांतला एक तर आहेच ना. तो तुम्हाला काय म्हणायचा आठवतं? तुम्ही विचारायचात, यातला थोरला कोण, धाकटा कोण, यांना नावं का नाही ठेवत. तर म्हणायचा, हे आठ नाहीतच, हा एकच मासा आहे, आठ ठिकाणी पोहतोय.

सासरे : म्हणायचा. मी म्हणायचो, वेड लागलंय तुला.

सून : आणि तो म्हणायचा, तुमच्या घड्याळातलं कुठलं चाक थोरलं?

सासरे : फार बोलायचा.

दुकानदार : मला एवढंच वाटतं, काका, त्याला ओळखायचं तर एकटा ठेवावा लागेल. आणि एकटा ठेवला तर तो काही राहणार नाही फार दिवस. दोन्ही एकदम होणार नाही.

सासरे : कळलं. तुम्ही फोड करून सांगायची गरज नाही. मला मघाशीच कळलं होतं, तुम्ही बोट फिरवलंत आणि सगळे एकदम वळले तेव्हाच.

सून : काय?

सासरे : तू जाशील, तिथे त्यांच्या माणसांत राहशील. सरांच्या बदलीचं गाव, नवे शेजारी. त्यांना तू सरांची बायको. माझ्या मुलाची कोणी होतीस हे तिथे एकाला माहीत नसेल. मला त्याचंच दुःख होतंय, दुसरं काही नाही. तू जाण्याचं नव्हे. म्हणजे जाण्याचंही आहेच. पण तो पुसला जाईल याचं जास्त. तू घरात दिसतेस तोवर तो थोडा तरी... तू चपला काढतेस ना, त्याच्या चपलांची जागा अजून सोडून काढतेस.

सून : मला माहीत असेल ना, बाबा. तिथे कोणाला नसू दे. मला असेल.

सासरे : हो. तुला असेल.

सून : आणि सरांनाही आहे. ते विचारतात त्याच्याबद्दल. मी सांगते.

सासरे : सांगतेस?

सून : तो तुमचा चिमटा लपवून ठेवायचा तेही सांगितलंय.

सासरे : हसले का?

सून : हसले.

सासरे : हं... अहो, तुम्ही! असे पाठ करून काय उभे राहिलात, मासे तुमचेच आहेत. सात काढा बाजूला. निऑन. चांगले धडधाकट बघा.

दुकानदार : काढतो. पण काका, मागाहून म्हणाल, यातला माझा कोणता...

सासरे : नाही विचारणार.

दुकानदार : आणि हे लाकूड न्या. नाही, काही बोलू नका, हे त्यांचंच आहे. नुसतं टाकलंत तर तरंगेल आणि पाणी चहासारखं करील. आधी बादलीत भिजत घाला. बुडी मारून तळाशी बसलं की टाकीत ठेवायचं.

सासरे : आणा इकडे. वजन नाही गं याला काहीच! केवढंसं दिसतंय हे, आणि याच्यासाठी तो फोनवर फोन करायचा. जेवण थंड व्हायचं. मी ओरडायचो.

सून : द्या, मी धरते.

सासरे : राहू दे माझ्याकडे. तू बाटली घे. आणि ऐक, खायला मी घालणार. तू नाही. आजपासून.

सून : बरं. दिवसाआड.

सासरे : दिवसाआड. वर आले तोंडं उघडत, तरी नाही घालणार.

दुकानदार : पाणी पिवळं झालं की या, काका. बाटली विसरू नका. ताई असल्या तर दोघं या.

सासरे : मी एकटा येईन. मला सवय व्हायला हवी. पायरी सांभाळ गं, इथे ओलं आहे.

सून : बाबा, सर रविवारी येऊ का विचारत होते. काय सांगू त्यांना?

सासरे : ये म्हणावं जेवायला. आणि टाकीसमोर उभं राहायचं असेल तर खुशाल राहा म्हणावं, लाइट मी लावून ठेवीन.